सॅम पित्रोदा आणि पिवळ्या बूथमागचं एक्स्चेंज

आज पंचविशीत असलेल्यांना एसटीडी बूथ म्हणजे काय हे सांगावं लागतं, आणि ज्यांनी तो वापरला त्यांच्यापैकीही बऱ्याच जणांना त्यामागे नेमकं काय चालायचं ते माहीत नसतं. दुकानाच्या कोपऱ्यात काचेची केबिन, पिवळा बोर्ड, त्यावर एसटीडी आयएसडी पीसीओ, म्हणजे बाहेरगावी आणि परदेशी फोन लावायची सार्वजनिक सोय, आत एक फोन आणि लाल आकडे पळवणारं मीटर. रात्री दर उतरले की बाहेर रांग लागायची. पुण्या-मुंबईला शिकायला किंवा नोकरीला आलेली अख्खी पिढी याच केबिनमधून घरी बोलली. हे बूथ गावोगाव कसे पोचले ते कळायचं असेल तर एक माणूस आणि एक मशीन अशा दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. माणूस सॅम पित्रोदा, मशीन म्हणजे १२८ लाइनचं ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज. माणसाबद्दल खूप बोललं जातं, मशीनबद्दल फार कमी, म्हणून इथे दोन्ही एकत्र सांगतो.

पित्रोदांचा जन्म १९४२चा, ओडिशातल्या तितलागढचा. घर गुजराती, सुतार समाजातलं, कामधंद्यासाठी तिकडे जाऊन स्थायिक झालेलं. घरात गांधीजींबद्दल फार आदर, मुलांनी गुजरातीही शिकावं म्हणून त्यांना शिकायला गुजरातला पाठवलं. पुढे वडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात फिजिक्समध्ये मास्टर्स, आणि १९६४ला शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग. अमेरिकेत जाईपर्यंत या माणसाने आयुष्यात एकदाही फोन वापरला नव्हता, हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलंय. सत्यनारायणचं सॅम तिकडेच झालं, पगाराच्या चेकवर कुणीतरी नाव छोटं करून टाकलं आणि तेच चिकटलं.

१९६६ला ते जीटीई या मोठ्या टेलिफोन कंपनीत लागले, आणि लागले ते बरोबर अशा वेळी की टेलिफोनचं सगळं तंत्र बदलायला लागलं होतं. हा बदल काय होता ते जरा नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

एक्स्चेंजचं काम ऐकायला एकदम सोपं: तुमच्या घरून आलेली तार तुम्ही डायल केलेल्या माणसाच्या तारेला जोडायची, बोलणं झालं की सोडायची. सुरुवातीला हे काम ऑपरेटर हाताने करायचे, म्हणजे बोर्डावर पिन खुपसून. मग स्ट्रॉजर नावाची यंत्रं आली, त्यात तुम्ही डायल फिरवला की तिकडे एक्स्चेंजमध्ये खरोखरचा एक लोखंडी हात वर चढायचा, गोल फिरायचा आणि योग्य संपर्कावर जाऊन थांबायचा, एका कॉलसाठी असे कितीतरी हात हलायचे. खडखडाट नुसता. शिवाय हलणारी वस्तू झिजते, धूळ बसली की अडकते, तेलपाणी-साफसफाईला माणसं लागतात. त्यानंतर क्रॉसबार आलं, त्यात हालचाल कमी, पण शेवटी तेही धातूचे संपर्क उघडबंद करणारं मशीनच.

डिजिटलमध्ये वेगळंच काहीतरी होतं. तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात, प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहितात, म्हणजे एका माणसाच्या बोलण्याचे सेकंदाला ६४,००० बिट झाले. आता गंमत अशी की दोन मोजमापांच्या मधे जो वेळ रिकामा राहतो त्यात दुसऱ्यांच्या आवाजाचे तुकडे बसवता येतात. आपल्याकडे जी पद्धत वापरतात तिच्यात एका लाइनवर असे ३२ कप्पे असतात, ३० बोलण्याचे आणि २ व्यवस्थेचे. एसटी डोळ्यासमोर आणा: ३२ सीटची गाडी, ३० सीटवर तीस जणांच्या आवाजाचा एकेक तुकडा, उरलेल्या दोन ड्रायव्हर-कंडक्टरच्या, आणि अशा ८,००० गाड्या दर सेकंदाला स्टँडमधून सुटतायत. मी ५ नंबरच्या सीटवर बसून आलो आणि मला ज्याच्याशी बोलायचंय त्याचा नंबर १९ आहे, तर एक्स्चेंजने काय करायचं? प्रत्येक गाडीत ५ नंबरवरचा तुकडा उचलून १९ नंबरवर बसवायचा, बस्स. कुठलाही लोखंडी हात हलत नाही, मेमरीत एका जागी लिहिलेलं दुसऱ्या जागी वाचलं जातं, आणि कुठलं कुठे जाणार हे सॉफ्टवेअर ठरवतं.

म्हणजे एक्स्चेंज हा खरं तर एक कंप्युटर झाला. हे ज्यांना लवकर कळलं त्यांच्यात पित्रोदा होते. १९७४ला नोकरी सोडून ते वेस्कॉम स्विचिंग या नव्या कंपनीत भागीदार म्हणून गेले, तिथे ५८० डीएसएस नावाचा डिजिटल स्विच बनवला, तो १९७८ला बाजारात आला, चालला, आणि १९८०ला रॉकवेल इंटरनॅशनल या बलाढ्य कंपनीने वेस्कॉम विकत घेतली. चाळिशीच्या आत माणूस लखपती नव्हे करोडपती झाला, रॉकवेलमध्ये वाइस प्रेसिडेंट झाला, नावावर पेटंट जमत होती. इथे गोष्ट संपली असती तरी ती एक चांगली यशोगाथा होती.

पण १९८१ला ते दिल्लीत आले आणि हॉटेलातून बायकोला शिकागोला फोन लावायला गेले तर लागेना. फोन बंद. दुसऱ्या दिवशी खिडकीतून बघतात तर खाली रस्त्यावर मोर्चा चाललेला, लोक बंद पडलेल्या फोनची अंत्ययात्रा काढत होते. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहिलाय. आपल्याकडच्या त्या काळातल्या लोकांना यात काही नवल वाटणार नाही, कारण फोनला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, आलाच तर तो बंद असायचा, बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून बसून राहायचं, घाई असेल तर अर्जंट, अजून घाई असेल तर लायटनिंग, प्रत्येकाचा दर वेगळा.

आकडे बघा. १९८०ला भारताची लोकसंख्या जवळपास ७० कोटी आणि फोन २५ लाखांच्याही आत. सार्वजनिक फोन सगळे मिळून १२,००० च्या आसपास. सहा लाख खेड्यांपैकी ९७ टक्के खेड्यांत फोन नावाची गोष्टच नाही. आणि सरकारदरबारी विचार असा की फोन ही चैन आहे, आधी अन्न, पाणी, शाळा, मग बघू. हा विचार वाईट हेतूने केलेला नव्हता हे मान्य करायला हवं, गरीब देशाने पैसा कुठे घालायचा हा खरा प्रश्न होता.

पित्रोदांचं म्हणणं याच्या उलट. त्यांचं म्हणणं की फोन ही श्रीमंतीनंतर येणारी वस्तू नाही, ती गरिबी हटवायच्या कामातलं हत्यार आहे, आणि मोजायचं असेल तर दर शंभर माणसांमागे किती फोन हे मोजू नका, चालत जाण्याच्या अंतरावर फोन किती जणांना आहे ते मोजा. मला वाटतं त्यांच्या सगळ्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हा एक प्रश्न आहे. कारण प्रश्न बदलला की मशीन बदलतं. घरोघर फोन द्यायचा असेल तर मोठ्या शहरात मोठी एक्स्चेंजं हवीत आणि हजारो कोटी हवेत. गावात एक तरी चालू फोन हवा असेल तर लहान, स्वस्त, दणकट एक्स्चेंज हवं, आणि तसलं मशीन जगात कुणी विकतच नव्हतं.

का विकत नव्हतं? परदेशी कंपन्यांची डिजिटल एक्स्चेंजं हजारो लाइनची असायची, त्यांना एअर कंडिशन्ड खोली लागायची, अखंड वीज लागायची. आपल्या खेड्यात शंभरएक लाइन म्हणजे डोक्यावरून पाणी, एसीचं तर नावच नको, वीज येते कधी जाते कधी आणि व्होल्टेज वरखाली, शिवाय धूळ, उकाडा, पावसाळ्यात ओल. दुसरी भानगड जास्त मजेशीर आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. अमेरिकेत तेव्हा जवळजवळ प्रत्येक घरात फोन असल्यामुळे एकेक फोन दिवसातला बराच वेळ गप्प असायचा, आपल्याकडे फोन मोजके म्हणून एका फोनवर अख्खी गल्ली बोलायची, ऑफिसातला एक फोन वीस जण वापरायचे. त्यामुळे एका लाइनवर पडणारा भार आपल्याकडे तिकडच्यापेक्षा खूप जास्त. हे आधी एकदा अंगाशी आलं होतं: बेल्जियमच्या कंपनीचं लायसन्स घेऊन आपण क्रॉसबार एक्स्चेंजं बनवली, ती तिकडे उत्तम चालायची, इकडच्या ट्रॅफिकखाली मात्र टेकीला आली. त्यात फोन एकदा लागला नाही की माणूस पुन्हा डायल करतो, पुन्हा करतो, आणि प्रत्येक फसलेला प्रयत्न एक्स्चेंजचं डोकं खातोच, म्हणजे भार अजून वाढतो.

थोडक्यात गरीब देशाला हलक्या प्रतीचं मशीन चालेल ही समजूत साफ चुकीची होती. आपल्याला उलट जास्त ताकदीचं मशीन हवं होतं, फक्त लहान आकारात.

हे सांगायला पित्रोदांनी इंदिरा गांधींची वेळ मागितली. दहा मिनिटं मिळतील असं कळल्यावर त्यांनी नको म्हटलं, मला तासभर हवाय म्हणाले, आणि महिनोन्महिने थांबून तो तास मिळवला. त्या सादरीकरणातूनच राजीव गांधींशी त्यांचं सूत जमलं. ऑगस्ट १९८४मध्ये सेंटर फॉर डेव्हलपमेंट ऑफ टेलिमॅटिक्स, म्हणजे सी-डॉट, ही संस्था स्थापन झाली. ३६ कोटी रुपये, ३६ महिने, आणि पित्रोदांचा पगार वर्षाला १ रुपया. सरकारी संस्था, पण सरकारी खात्याच्या नियमांत न अडकणारी, हा तिच्या रचनेतला सगळ्यात हुशारीचा भाग होता.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण एका हिरोची गोष्ट सांगताना बाकीचे हमखास गाळले जातात. सी-डॉट काही शून्यातून उभं राहिलं नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये डिजिटल स्विचिंगवर आधीपासून काम चालू होतं, आणि त्या कामातले डॉ. एम. व्ही. पिटके सी-डॉटच्या तांत्रिक नेतृत्वात आले. दूरसंचार खात्यातून जी. बी. मीमांसी आले, त्यांनी संस्था चालवली. या दोघांशिवाय पित्रोदांची कल्पना स्लाइडवरच राहिली असती असं मला ठामपणे वाटतं. आणि खाली दिल्ली-बंगळुरूत शेकडो पोरंपोरी, सरासरी वय पंचविशीचं, बहुतेकांची पहिली नोकरी, रात्ररात्र जागून काम करणारी. जी पोरं परदेशी गेली असती त्यातली बरीच इथे थांबली.

त्यांनी बनवलेलं ग्रामीण एक्स्चेंज साधारण घरातल्या फ्रिजच्या आकाराचं होतं, १२८ लाइनचं. कमी वीज खाणाऱ्या चिप वापरल्या म्हणजे गरमच कमी होईल, जी उष्णता होईल ती हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने वर निघून जाईल अशी आतली मांडणी केली, धूळ आत जाणार नाही अशी बंदिस्त पेटी केली. एसी गेला. एसी गेला म्हणजे एसीची खोली गेली, तिचं वीजबिल गेलं, मोठा जनरेटर गेला, आणि तालुक्याच्या गावातल्या साध्या खोलीत एक्स्चेंज बसवता यायला लागलं. दुरुस्ती म्हणजे बिघडलेलं कार्ड काढून दुसरं खुपसायचं. पहिलं असं एक्स्चेंज जुलै १९८६मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला सुरू झालं, बेळगावहून धारवाडकडे जाताना लागतं ते कित्तूर. मग हे डिझाइन एकाच सरकारी कारखान्याला न देता अनेक कंपन्यांना लायसन्सवर दिलं, त्यातून देशात सुट्या भागांपासून पेट्यांपर्यंत बनवणारा एक नवा उद्योग तयार झाला.

आता खोटं कौतुक नको. ३६ महिन्यांत सगळं झालं नाही. लहान एक्स्चेंज आणि ऑफिसांसाठीचं एक्स्चेंज झालं, पण शहरांसाठीचं हजारो लाइनचं मोठं एक्स्चेंज ठरल्या वेळेत तयार नव्हतं, ते नंतर आलं. यावरून टीका झाली, परदेशातून आयात करायचं की सी-डॉटची वाट बघायची यावर खात्यात मोठी भांडणं झाली, आणि शहरांतल्या प्रतीक्षायादीतल्या लोकांना त्याचा त्रास झालाच. टीकाकार सगळे विकले गेलेले होते असं म्हणणं मला पटत नाही. पण खेड्यासाठीचं मशीन आधी झालं आणि शहरासाठीचं मागे राहिलं, हा क्रम या देशात इतका दुर्मिळ आहे की त्यासाठी मी तो उशीर पोटात घालायला तयार आहे.

एक्स्चेंज आलं तरी फोन विकत घेण्याची ऐपत कुणाची? इथे पीसीओची कल्पना आली. साधा फोन, त्याला जोडलेलं छोटं मीटर, एक्स्चेंजकडून लाइनवर येणारे पल्स, म्हणजे विजेचे ठोके, मोजून किती पैसे झाले ते दाखवणारं. हे सगळं किराणा दुकानात, टपरीत, घराच्या पुढच्या खोलीत टेबलावर ठेवायचं, चालवणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून रोख घ्यायची, खात्याचं बिल भरायचं आणि कमिशन स्वतःकडे ठेवायचं. नाणं टाकायचे सरकारी फोन सतत मोडायचे कारण ते कुणाचेच नव्हते, हा फोन मात्र कुणाच्या तरी पोटापाण्याचा होता म्हणून तो पुसून, जपून, चालू ठेवला जायचा, बिघडला तर तोच माणूस एक्स्चेंजला जाऊन डोकं फोडायचा. वाटप करताना अपंगांना प्राधान्य दिलं गेलं, बसून करता येण्यासारखा धंदा होता. तुमच्या गावच्या एसटी स्टँडजवळचा बूथ कोण चालवायचं आठवून बघा. हे बूथ पुढे लाखांत गेले, त्यांवर घरं चालली, पोरं शिकली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे त्याच जागेत झेरॉक्स, मग इंटरनेट कॅफे, मग मोबाइल रिचार्ज सुरू केलं.

१९८७च्या आसपास राजीव गांधींनी पित्रोदांना पंतप्रधानांचे सल्लागार केलं आणि टेक्नॉलॉजी मिशन्सचं काम दिलं: पिण्याचं पाणी, लसीकरण, साक्षरता, तेलबिया, दूरसंचार आणि पुढे दूध. टेलिफोनवाल्या माणसाचं पाण्यात काय काम असं तेव्हाही विचारलं गेलं. उत्तर असं की या प्रत्येक प्रश्नात तंत्र माहीत होतं, अडत होतं ते खात्याखात्यांच्या मधल्या भिंतींत. लस असते पण ती कारखान्यापासून खेड्यातल्या बाळापर्यंत थंड राहायला हवी, वाटेत एका ठिकाणी बर्फ वितळला की सगळं फुकट. पाण्याचंही तसंच, कुठे फ्लोराइड, कुठे खारं, कुठे नारू. नारूचं नाव आता कुणाला माहीत नसतं हे किती चांगलं आहे. पायातून हातभर लांब जंत बाहेर काढावा लागायचा असा रोग, विहिरीत उतरून पाणी भरण्यातून पसरणारा, महाराष्ट्रातही होता, आणि २०००मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. याचं श्रेय पित्रोदांना एकट्याला देणं चूक ठरेल, नारू निर्मूलनाचा कार्यक्रम मिशनच्या आधीच सुरू झाला होता आणि आरोग्य सेवकांनी गावोगाव फिरून तो पार पाडला, पण पिण्याच्या पाण्याच्या मिशनने त्याला जोर दिला. साक्षरतेसारख्या काही मिशनचे परिणाम असेच संमिश्र, प्रत्येक राज्यात वेगळे.

१९८९ला टेलिकॉम कमिशन स्थापन झालं, पित्रोदा पहिले अध्यक्ष. अमेरिकेचं नागरिकत्व त्यांनी त्याआधीच सोडलेलं. पण त्याच वर्षाच्या शेवटी सरकार बदललं, आणि नव्या सरकारातल्या दूरसंचारमंत्र्यांशी उघड संघर्ष झाला, भ्रष्टाचाराचे आरोप झाले, चौकशा झाल्या, सिद्ध काही झालं नाही. १९९०ला त्यांना हार्ट अटॅक आला, बायपास झाली. मे १९९१मध्ये राजीव गांधींची हत्या झाली आणि त्यानंतर ते शिकागोला परतले, जवळजवळ दहा वर्षं पगार न घेतल्यामुळे पुन्हा कमवणं भागच होतं. उद्योजकाने सरकारात जावं असं आपण सहज म्हणतो, पण कंपनीत तुमचं काम आकड्यांवर जोखतात आणि सरकारात तुम्ही कुणाचे म्हणून ओळखले जाता यावर जोखतात. पित्रोदांची ताकद एका पंतप्रधानाच्या विश्वासात होती, तो पंतप्रधान गेल्यावर ती ताकद उरली नाही. संस्था उरली.

दुसरी खेळी २००५ला, मनमोहन सिंग यांच्या काळात. राष्ट्रीय ज्ञान आयोगाचे ते अध्यक्ष झाले, २००९पर्यंत आयोग चालला, ग्रंथालयांपासून विद्यापीठांपर्यंत ढीगभर शिफारशी झाल्या. बऱ्याच कागदावर राहिल्या. एक प्रत्यक्षात आली ती म्हणजे नॅशनल नॉलेज नेटवर्क, देशभरातली विद्यापीठं आणि संशोधन संस्था वेगवान फायबरने जोडणारं. याच आयोगात नंदन निलेकणी सदस्य होते, आयआयटी मुंबईचे, पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचे. पुढे २००९ला ते कंपनी सोडून आधारच्या कामाला गेले आणि पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१०ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. निलेकणींच्या आधी हा रस्ता पित्रोदांनी चालून दाखवला होता, खड्ड्यांसकट. २००९लाच पित्रोदांना पद्मभूषण मिळालं.

गेली काही वर्षं त्यांचं नाव येतं ते काँग्रेसच्या परदेश विभागाचे प्रमुख म्हणून आणि त्यांच्या विधानांवरून पेटणाऱ्या वादांमुळे. २०२४च्या निवडणुकीत तर एका विधानामुळे राजीनामा द्यावा लागला, नंतर पुन्हा नेमणूक झाली. ती विधानं मला पटलेली नाहीत. पण त्या क्लिप बघून ज्यांना वाटतं की या माणसाने केलं काय, त्यांच्यासाठीच हा एवढा पसारा मांडला.

बूथ आता गेले. मोबाइल आला तो सी-डॉटमुळे नव्हे, १९९४च्या दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडलं त्यातून, आणि सी-डॉट मोबाइलच्या पहिल्या लाटेत मागे पडलं हेही खरं. पण संस्था बंद पडली नाही. बीएसएनएलचं जे स्वदेशी ४जी नेटवर्क सप्टेंबर २०२५मध्ये अधिकृतपणे सुरू झालं त्यात टॉवरवरचं रेडिओ, म्हणजे मोबाइलशी सिग्नलची देवाणघेवाण करणारं यंत्र, तेजस नेटवर्क्स या कंपनीचं आहे, सगळं जोडून देण्याचं काम टीसीएसचं, आणि मधला कोअर, म्हणजे कुठला कॉल आणि कुठला डेटा कुठे जाणार हे ठरवणारा भाग, सी-डॉटचा आहे.